काल्याच्या कीर्तनात नेत्याला उपरणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणारे गृहस्थ ४६ वर्षांचे. राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात. कॉलनीतल्या मारुती मंदिरात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो, त्याच्या समितीचे ते चिटणीस. ज्या महाराजांनी वडिलांना माळ घातली, त्यांनीच पुढे यांनाही घातली. वडील गेले तेव्हा महाराज रामकुंडावर दशक्रियेच्या प्रवचनाला आले आणि बिदागीचं पाकीट त्यांनी परत केलं. आता हेच महाराज एका स्थानिक नेत्याचे खंदे पाठीराखे झाले आहेत. त्या नेत्यावर जमीन बळकावल्याचा आणि धमकावल्याचा गुन्हा दाखल आहे, खटला न्यायालयात आहे. गेल्या वर्षी काल्याच्या कीर्तनात नेता आला, तेव्हा महाराजांनी चालू अभंग थांबवून त्याला जवळ बोलावलं, आपल्या खांद्यावरचं उपरणं त्याच्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, 'यांच्यावर शिंतोडे उडवणारे धर्मावर शिंतोडे उडवतात.' बायकांच्या बाजूला त्याच प्रकरणातल्या तक्रारदाराची पत्नी बसली होती. ती काल्याचा प्रसाद न घेता उठून गेली. यंदा ती आली नाही. मंडपाचा आणि शेवटच्या पंगतीचा खर्च हा नेताच करतो. ७४ वर्षांची आई म्हणते, 'गुरुनिंदा करू नकोस.' वाचक विचारतात : माळ काढून ठेवू, चिटणीसपद सोडू, की गप्प बसू?

राम कृष्ण हरी.

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात महाराज आहेत, नेता आहे, आई आहे, तुमची उडालेली झोप आहे. उठून गेलेल्या बाईंच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या आहेत. मला सुरुवात त्यांच्यापासून करावीशी वाटते, कारण तुम्ही विचारलेल्या तिन्ही पर्यायांत त्या कुठेच नाहीत. तुम्ही माळ काढलीत तरी त्यांच्या पदरात काही पडत नाही, राजीनामा दिलात तरी नाही. आणि तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ तर त्यांनी वर्षापूर्वीच लावून घेतला असेल.

तेव्हा आधी त्यांच्या घरी जा. पत्नीला बरोबर न्या. खटल्याचं काही विचारू नका, महाराजांच्या वतीने माफी मागू नका, तो अधिकार तुमचा नाही. चिटणीस म्हणून एवढंच सांगा, 'त्या दिवशी काल्यात जे झालं ते व्हायला नको होतं. तुम्ही उठून गेलात ते मी पाहिलं होतं.' पुढच्या सप्ताहाला या, असा आग्रहही नको. आपल्याकडे दुखावलेल्या माणसाला पुन्हा पंगतीत आणून बसवलं की सगळं मिटलं, असं धरून चालतात. ती घाई तुम्ही करू नका. आणखी एक सांभाळा. उद्या समितीत वाद झाला तर त्यांचं नाव पुढे करू नका. 'त्या बाईंना वाईट वाटलं म्हणून' अशी सुरुवात झाली की सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळतील, आणि त्या घराला आधीच एका वजनदार माणसाविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत आहेत. जे बोलायचं ते तुमचं म्हणून बोला.

आता तुमच्या मनातल्या काही गोष्टी. त्यातल्या दोनतीन मला जशाच्या तशा मान्य करता येत नाहीत.

तुम्ही लिहिलंत, 'महाराज विकले गेले.' मग त्याच पानावर खाली लिहिलंत, की करोनात महाराजांच्या पखवाजवाल्याला कुठे बेड मिळत नव्हता, तो या नेत्याने रात्री दोन वाजता फोन करून मिळवून दिला. ते दिवस आठवा. २१ एप्रिल २०२१ ला झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त माणसं श्वासावाचून गेली. त्या नाशकात ज्याने बेड दिला त्याने जीव दिला, असंच कुणालाही वाटेल. पंचवीस वर्षं आपल्या मागे उभा राहून बोल धरणारा माणूस वाचला, तर महाराजांनी त्या नेत्याचे उपकार का मानू नयेत? मानावेतच. घरी बोलावून पाटावर बसवावं, जेवू घालावं, जन्मभर नाव घ्यावं. अडचण पुढे आहे. उपकार झाला महाराजांवर, आणि फेड झाली सप्ताहाच्या खात्यातून. सात दिवस पहाटे उठून काकड्याला आलेल्या, पारायणाला बसलेल्या, भाकरी भाजलेल्या शंभर घरांची पुण्याई त्या एका उपरण्यातून नेत्याच्या गळ्यात पडली, आणि तिच्यावर महाराजांचा एकट्याचा हक्क नव्हता.

हा फरक मी मुद्दाम मांडते आहे. 'विकले गेले' असं मनात धरून तुम्ही बोलायला गेलात तर बोलणं पहिल्या वाक्यातच संपेल. बहुतेक महाराज, मौलवी, पाद्री नेत्याशी बांधले जातात ते पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टींनी. कुणाच्या मठाचा रस्ता झालेला असतो, कुणाची फाइल हललेली असते. कुणाला खरोखर वाटतं की आपल्या श्रद्धेला चहूबाजूंनी वेढा पडला आहे आणि हा एकटा आपल्या बाजूने उभा आहे. एकदा तसं वाटलं, की त्या माणसाचे दोष दिसेनासे होतात, किंवा दिसले तरी 'आत्ता ही वेळ नाही' असं स्वतःला सांगितलं जातं. नाशकात तर २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. जागा, पाणी, रस्ते, पास, मुक्काम, या सगळ्यासाठी साधूला पुढाऱ्याची गरज लागते आणि पुढाऱ्याला साधूशेजारी उभं राहून फोटो लागतो. हा व्यवहार आपल्या महाराजांनी शोधून काढलेला नाही.

शिवाय हे आपल्यापुरतं नाही. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल तिथल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला अखेरचा शब्द मानणाऱ्या प्रोटेस्टंट, चर्चमध्ये हेच घडलं. त्या देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९९८ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांचं प्रेमप्रकरण गाजत असताना ठराव केला होता, की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं चारित्र्य महत्त्वाचं असतं. २०१६ मध्ये बायकांबद्दल अत्यंत गलिच्छ बोलतानाचं ट्रम्प यांचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं, तरीही कित्येक नामवंत पाद्री त्यांच्या बाजूला ठाम राहिले, आणि मतदानोत्तर चाचण्यांनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी साधारण ८० टक्क्यांनी त्यांनाच मत दिलं. मला त्यातली एक पाहणी सगळ्यात जास्त बोचते. खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकतो का, असं पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने विचारलं होतं. २०११ मध्ये 'हो' म्हणणारे गोरे इव्हँजेलिकल ३० टक्के होते. २०१६ मध्ये ७२ टक्के. पाच वर्षांत ना त्यांचा धर्मग्रंथ बदलला, ना प्रार्थना. मोजायचं माप तेवढं बदललं.

तुमच्या मंडपात पुढच्या रांगेत जी पोरं टाळ घेऊन उभी असतात, त्यांच्या बाबतीत मला हीच काळजी वाटते. त्यांच्याकडून आपण हरिपाठ म्हणवून घेतो. परद्रव्याला हात लावू नये, हे त्यांनी त्याच महाराजांच्या तोंडून दहा वेळा ऐकलं आहे. आणि जमीन बळकावल्याचा खटला ज्याच्यावर चालू आहे, त्याच्या गळ्यात काल्याच्या दिवशी उपरणं पडताना त्यांनी पाहिलं. तो माणूस दोषी आहे का, हे तुम्हीआम्ही ठरवायचं नाही, ते कोर्ट ठरवेल. तो उद्या निर्दोष सुटूही शकतो, आणि सुटला तर त्याचं नाव निर्मळ करण्याचा पूर्ण हक्क त्याला आहे. पण म्हणूनच, कोर्टाच्या आधी महाराजांनीही निकाल द्यायला नको होता. आरोप करणारे धर्मावर शिंतोडे उडवतात, हा निकालच झाला, आणि तो दिला गेला तक्रारदाराच्या बायकोसमोर.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुम्ही ज्याला मत देता तो नेता असाच आला असता, महाराजांनी त्याच्या गळ्यात उपरणं घातलं असतं, तर तुमची झोप उडाली असती का? तुमच्या पत्रात हा नेता कुठल्या पक्षाचा आणि त्या पक्षाने काय काय केलं, यावर दीड पान आहे. ते दीड पान मनातून बाजूला काढून पाहा. उरलेलं दुखणं तेवढंच असेल, तर तुमचं म्हणणं पक्कं आहे. ते कमी झालं असेल, तर आधी तेवढं स्वतःशी कबूल करा आणि मग समितीत नियम मांडा तो असा मांडा, की तो तुमच्या आवडत्या नेत्यालाही लागू पडेल. नाहीतर समोरचे पहिल्याच बैठकीत म्हणतील, 'याला सप्ताहाचं काही नाही, याचं दुखणं राजकारणाचं.'

महाराजांचं यात काय नुकसान होतं, याचाही विचार करा. त्यांच्याशी बोलताना तुम्हाला तीच बाजू उपयोगी पडेल. आणीबाणीतली विनोबांची गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. १९७५ मध्ये विनोबा पवनारला वर्षभराच्या मौनात होते. त्या मौनात त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' एवढे दोन शब्द आले, आणि सरकारने ते उचलले. भिंतींवर, फलकांवर, सगळीकडे तेच. २५ डिसेंबरला मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला, की सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन, अनुशासन असतं आचार्यांचं, म्हणजे निर्भय आणि निर्वैर माणसांचं. पुढच्या महिन्यात पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं, परिस्थिती पूर्ववत करावी असं त्या आचार्यांनी सुचवलं. सरकारला पहिले दोन शब्द हवे होते, हे नको होतं. ज्या माणसाने पायी देश हिंडून भूदान मागितलं, त्याला 'सरकारी संत' म्हणून हिणवलं गेलं ते आजतागायत. मी विनोबांना लहान करत नाही, माझ्या घरात त्यांची गीता रोज वाचली जायची. पण विनोबांसारख्या विरक्ताचा शब्द सत्तेच्या हातात गेल्यावर परत घेता आला नाही. तुमच्या महाराजांचं काल्यातलं ते एक वाक्य आज किती जणांच्या मोबाइलवर फिरतं आहे, विचारून पाहा. खटल्याचं उद्या काहीही झालं तरी ते वाक्य महाराजांच्या नावावर राहणार.

गुरुनिंदेचं आईचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. ज्यांनी नवऱ्याच्या दशक्रियेला पाकीट परत केलं, त्यांच्याबद्दल वाकडं ऐकणं त्या माउलीला जड जाणारच. तुम्ही त्यांच्याशी नेत्याबद्दल वाद घालू नका, त्या वादात त्या हरणार नाहीत. त्यांना ते पाकीटच आठवून द्या. महाराज तेव्हा ज्या कारणाने थोर वाटले, तेच कारण आज तुम्हाला बोलायला लावतं आहे. चारचौघांत बदनामी करणं, पाठीमागे कुजबुजणं, ही निंदा. समोर बसून, पाया पडून, 'महाराज, हे मला खटकलं' म्हणणं ही निंदा नाही. आणि नाशकात राहून आपल्याला हेही ठाऊक असायला हवं, की धर्माच्या जागेवर बसलेल्यांना प्रश्न विचारणं म्हणजे धर्म बुडवणं, असं या गावात पूर्वीही म्हटलं गेलं आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. दार अडवणारेही रोज पूजा करणारेच होते. तो अन्याय आणि तुमच्या मंडपातला प्रसंग एका तराजूत घालता येणार नाही, तसं करूही नये. पण पुजाऱ्याचं किंवा महाराजांचं म्हणणं म्हणजे देवाचं म्हणणं, हे धरून चालल्याने काय होतं, ते या गावाने पाहिलेलं आहे.

आता पैशाकडे येऊ. तुमच्या पत्रात तो एका ओळीत उरकला आहे, पण गाठ तिथेच आहे. तुकोबांनी कीर्तनकाराला घालून दिलेली अट महाराजांना पाठ असेल : जिथे कीर्तन करायचं तिथलं अन्न घ्यायचं नाही, कपाळी बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात हार घ्यायचा नाही, इतकंच काय, तट्टा-बैलासाठी दाणावैरणही मागायची नाही. आज ती अट अक्षरशः पाळणं अवघड आहे, कीर्तनकारांनाही घर आहे, टाळकऱ्यांना गाडीभाडं लागतं. पण तिच्यामागचं कारण अजून तसंच आहे. ज्याचं खाल्लं त्याला टोकता येत नाही. आणि हे महाराजांच्या आधी समितीला लागू आहे. मंडप त्याचा, साउंड त्याचा, शेवटची पंगत त्याची, मग तो कीर्तनात आला तर त्याला मागे सतरंजीवर बसायला सांगणार कोण? नेत्याला व्यासपीठाजवळ नेऊन बसवलं समितीने. महाराजांनी पुढचं पाऊल टाकलं.

म्हणून पुढच्या वर्षीचा हिशेब आत्ताच मांडायला घ्या. मंडप लहान करा, कॉलनीच्या मोकळ्या जागेत साधा शामियाना पुरतो. शेवटच्या दिवशी बुंदी, मसालेभात, दोन भाज्या असा जो घाट घातला जातो, त्याऐवजी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करा. सिडकोत बरीच वस्ती खानदेशातली आहे, आचारी न आणता घराघरांतल्या माणसांनी बट्ट्या होतील. घरटी पायलीभर गहू आणि थोडी तूरडाळ मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही, उलट ज्यांचा गहू आला ते पंगतीला वाढायलाही येतील. एका माणसाकडून किती देणगी घ्यायची याला वरची मर्यादा ठरवा. पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर संतांखेरीज कुणाचाही फोटो नको. आणि काल्याच्या दिवशी, प्रसाद वाटण्याआधी, जमाखर्च माइकवर वाचून दाखवा. ज्या दिवशी तो वाचला जातो त्या दिवसापासून सप्ताह पुन्हा सगळ्यांचा होतो, असं मी दोनतीन ठिकाणी पाहिलं आहे.

बैठकीत कुणी म्हणेल, 'एवढं काय झालं, सत्कारच केला ना?' तेव्हा तुमच्या हातात कायदाही असू द्या. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. धर्मस्थळाची जागा किंवा पैसा राजकीय कामाला वापरू देता येत नाही, आणि संस्थेच्या वतीने होणारा उत्सव, मेळावा, मिरवणूकही राजकीय कामाला वापरू देता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. जबाबदारी येते ती कारभार पाहणाऱ्यांवर. चिटणीस म्हणून तुम्ही त्यात मोडू शकता, म्हणून एकदा ओळखीच्या वकिलाला कागद दाखवून घ्या. निवडणुकीच्या काळात आचारसंहिताही असते, तीही मंदिर-मशीद-चर्चचा प्रचारासाठी वापर करायला मनाई करते. मंदिराचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय आयुक्त कार्यालयात जायला हवेत. नुसतं मंडळ असेल तरी वर्गणी गोळा करायला त्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळवाल्यांना हे पाठ असतं. हे सगळं धमकी म्हणून बाहेर काढू नका. 'उद्या कुणी तक्रार केली तर नोटीस आपल्या घरी येईल' एवढं म्हणालात तरी खजिनदार सावध होतील.

ठराव साधा असू द्या : सप्ताहाच्या सात दिवसांत कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही नेत्याचा सत्कार मंडपात होणार नाही. भाविक म्हणून कुणीही यावं, सतरंजीवर बसावं, प्रसाद घ्यावा. इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. मग त्या ठरावाची प्रत आमंत्रणासोबत प्रत्येक कीर्तनकाराला द्या, एकट्या तुमच्या महाराजांना नको. त्यांच्यासाठी खास केल्यासारखं दिसलं तर त्यांचा अपमान होईल, आणि तो आपल्याला करायचा नाही.

महाराजांकडे जायचं ते ठरावाच्या आधी. फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. सप्ताहाच्या धावपळीतही नको. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला तुमच्या महाराजांची दिंडी त्र्यंबकला जाते असं तुम्ही लिहिलं आहे. त्या वाटेवर चालताना माणूस मोकळा असतो, सोबत शिष्यांचा घोळका कमी असतो. वडिलांच्या वयाचे कुणी जुने वारकरी बरोबर असतील तर उत्तम. आधी ऐका. पखवाजवाल्याचा विषय तुम्हीच काढा, नेत्याने तेव्हा केलेल्या मदतीचं कौतुक करा, ते खरंच आहे. मग सांगा, 'महाराज, तुमचं मत तुमचं आहे, त्यात मी पडत नाही. पण त्या दिवशी समोर त्या घरची माणसं बसली होती. तुमच्या कीर्तनातून कुणी प्रसाद न घेता जाईल, असं आजवर झालं नव्हतं.' इथे थांबा. उत्तराची घाई करू नका. महाराजांना त्या बाई तिथे होत्या हे माहीतच नसेल, ही शक्यता तुम्ही पत्रात कुठे धरलेली दिसत नाही. मला ती बरीच मोठी वाटते. दोनतीनशे माणसांच्या कीर्तनात उभ्या असलेल्याला पुढे कोण बसलं आहे आणि कुणाची कसली तक्रार आहे, हे कुठून कळणार? कळल्यावर ते काय करतात, यावरून तुम्हाला तुमचे गुरू खरे कळतील.

ते चिडले तर? 'तू मला शिकवतोस का' म्हणाले तर? नमस्कार करा आणि परत या. तुमचं काम झालं. ठराव करून घ्या, आणि तो मान्य नसलेल्या कीर्तनकाराला पुढच्या वर्षी काल्याचं कीर्तन देऊ नका, दुसऱ्या महाराजांना द्या. समितीने ठराव फेटाळला, तर चिटणीसपद सोडा, पण सोडताना राजीनाम्यात कारण लिहा. नुसतं 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलंत तर पुढच्या चिटणिसाला काही कळणार नाही. आणि एक सीमारेषा आत्ताच ठरवून ठेवा : या नेत्याला मानत नाही तो भाविकच नाही, असं जर कधी महाराज म्हणाले, किंवा तक्रारदाराच्या घराला कुणी सप्ताहाच्या नावाने दमात घेतलं, तर त्या दिवशी मंडपातून उठा. तिथे मग चर्चेला जागा नाही.

सावधगिरीचंही सांगते. तुम्ही नोकरी करता, त्याच भागात राहता, मुलं तिथल्याच शाळेत आहेत. एकट्याने पुढे होऊ नका, चारपाच घरं बरोबर घ्या. नेत्याच्या गुन्ह्याबद्दल मोबाइलवर एक अक्षर लिहू नका, दुसऱ्याने पाठवलेलं पुढे ढकलू नका. तुमचं म्हणणं सप्ताहाच्या मंडपापुरतं आहे, तेवढंच ठेवा. ते तेवढंच असल्यामुळे कुणाला त्याला हात घालता येणार नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर कित्येकांची परिस्थिती अशीच असेल. कुणाच्या मठात, कुणाच्या दर्ग्याच्या उरुसात, कुणाच्या चर्चमध्ये, कुणाच्या साप्ताहिक बैठकीत. जे समितीवर नाहीत, नुसते येऊन बसतात, त्यांना ठराव मांडता येत नाही, पण त्यांनाही वर्गणीच्या पावतीबरोबर हिशेब मागता येतो, सत्कार चालू असताना टाळ्या न वाजवता बसून राहता येतं, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन मिनिटं थांबून 'हे इथे नको होतं' असं आयोजकाला सांगता येतं. पाच जणांनी सांगितलं की आयोजक पुढच्या वेळी विचार करतात. बहुतेक आयोजकांना वाटत असतं, की लोकांना नेता आलेला आवडतो.

राहता राहिली माळ. तुम्ही ती प्रश्नाच्या सुरुवातीला ठेवलीत, मी मुद्दाम शेवटी घेतली. ती महाराजांच्या हातून आली, पण घातली ती पांडुरंगाच्या नावाने. एकादशी, वारी, खोटं न बोलणं, दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणं, या शपथा तुम्ही त्याच्यासमोर घेतल्या. महाराज कुणाच्या गळ्यात काय घालतात, यावर त्या अवलंबून नाहीत. माळ काढून ठेवलीत तर आईला दुःख होईल, नेत्याला पत्ताही लागणार नाही, आणि ज्या शपथेच्या बळावर तुम्ही बोलणार आहात तीच तुम्ही उतरवून ठेवलेली असेल. ती राहू द्या. पौष महिना यायच्या आत त्या बाईंच्या घरी जाऊन या, आणि समितीची बैठक पत्रिका छापायला जाण्याच्या निदान दोन महिने आधी लावा. पत्रिकेवर एकदा नावं छापली, की कुणीही मागे हटत नाही.